लसणाचं पाणी

“पमे, पुदिना गोड लागून राहिला.”

बाबा गच्चीवर तिसऱ्या डब्यापाशी वाकून उभे होते. एका हातात पाण्याचं टमरेल, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पान, आणि जिभेचं टोक बाहेर. मी खोलीच्या दारात बसून गहू निवडत होते. मला वाटलं, थट्टा करताहेत. डोळे गेल्यापासून थट्टा जरा जास्तच करायचे.

“खरंच सांगतो,” ते म्हणाले. “मले गोड मना केलं, अन् साखर पुदिन्यालेच झाली.”

मी सूप बाजूला ठेवून गेले आणि पान उलटं केलं. खालच्या बाजूला हिरवा मावा, तिळाएवढे किडे, बोट ठेवायला जागा नाही इतके दाटून बसलेले. पानावर त्यांचा चिकटा पसरला होता आणि बाबांनी चाटला होता तोच. मी सांगितल्यावर ते तीनदा थुंकले, चूळ भरली, आणि मग हसायला लागले. मीही हसले. त्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच, म्हणून ते नीट लक्षात आहे.

ही चाळीस वर्षांपूर्वीची अमरावतीची गोष्ट. माझे वडील यादवराव बोंडे भूमापन कचेरीत आरेखक होते. शेतांच्या हद्दी, बांध, विहिरी, पायवाटा, सगळं बारीक टाकाने कापडी कागदावर उतरवायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग मधुमेहाने आधी डोळे नेले आणि मागोमाग तळपायांची आणि बोटांच्या टोकांची जाणीवही नेली. त्रेपन्नाव्या वर्षी ते घरी बसले. आई मी बारावीत असतानाच गेली होती. आम्ही दोघंच, गुंफाकाकूंच्या घरावरच्या गच्चीतल्या भाड्याच्या एका खोलीत राहायचो. काकू खाली राहायच्या. तोंडाने फटकळ, पण भाकरी करताना दोन आमच्यासाठी जास्त थापायच्या.

गच्चीच्या एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला संडास. मध्ये उघडी गच्ची. खोलीच्या दारातून कठड्याच्या कडेकडेने सरळ जायचं, मग उजवीकडे वळायचं, की सहा पावलांवर संडासाचं दार. वळायच्या जागी न वळता सरळ गेलं तर समोर खाली जाणारा जिना. त्याला ना कठडा, ना दार. पंधरा दगडी पायऱ्या होत्या त्याला.

जानेवारीत मला नेमणुकीचं पत्र आलं. प्राथमिक शिक्षिका, मेळघाटातल्या एका गावात. पंचवीस फेब्रुवारीच्या आत रुजू व्हायचं, नाही तर नेमणूक रद्द. दोन वर्षं मी त्या पत्राची वाट पाहिली होती. एस.टी.ने सहा तास, पुढे पायी, पावसाळ्यात रस्ता बंद. बाबांना तिथे नेणं म्हणजे डॉक्टरपासून तोडणं. आणि ते स्वतःही तयार नव्हते.

“इथं मी जुना आंधळा आहो,” ते म्हणाले. “गच्ची मले ठाऊक, काकू ठाऊक. तिथं नव्यानं आंधळं व्हा लागीन.”

मग मी जात नाही, असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर ते म्हणताना माझा आवाज मेलेला होता. तो त्यांना ऐकू आला असणार. ते मला म्हणाले की खाली जाऊन काकूंकडून तेलाचे चार रिकामे डबे आण.

असे आमचे चार डबे लागले. त्यांनी खाटेवर बसून सांगितलं आणि मी मांडले, कचेरीत मोजणीचे दगड रोवतात तसे. दाराशी तुळस. दहा पावलांवर गवती चहा. पुढे दहा पावलांवर पुदिना. आणि अगदी वळणावर, जिन्याच्या तोंडाशी, पानओवा. काकूंच्या परसात ही सगळी झाडं होती, तिथूनच मुळं आणि फांद्या आणल्या. बाबांची पावलं बधिर असल्यामुळे सारखी पडत नसत, म्हणून नुसतं मोजून चालायची सोय नव्हती. काठी धरायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात टमरेल आणि दुसरा पुढे चाचपायला. दोरी बांधू का, मी विचारलं होतं. “मले दाव्याले नको बांधू,” एवढंच ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. जिन्याला फाटक करून देतो असं काकूंचा मुलगा दिवाळीपासून म्हणत होता.

तेव्हा पानं. बोटांना पान कळत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. प्रत्येक डब्यापाशी थांबायचं, पान चुरडायचं, वास घ्यायचा, आणि मोठ्याने नाव घ्यायचं. तुळस. गवती चहा. पुदिना. ओवा आला की थांबायचं आणि उजवीकडे वळायचं.

नाव मोठ्याने घ्यायची पद्धत कचेरीतली. शेतात मोजणीला गेलं की एक माणूस दगडापाशी उभा राहून दगडाचा नंबर पुकारतो आणि दुसरा टेबलावरच्या नकाशात पाहतो. नंबर जुळला तर नकाशावाला गप्प राहतो. चुकला तर तो “फेर” म्हणतो, आणि मग सगळे जागच्या जागी थांबतात. पुन्हा मोजल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. निदान बाबांच्या तुकडीत तरी असंच चालायचं. बडबड्या माणसाला नकाशापाशी बसवू नये, असं ते म्हणायचे.

“तू माह्या नकाशावाली,” ते मला म्हणाले. “बरोबर असीन तर चूप. चुकलो तर फेर.”

पहिला पंधरवडा माझं फेर-फेर म्हणून तोंड दुखलं. हळूहळू ते कमी होत गेलं. मग त्यांनीच पैज लावली. सलग आठ दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, एकदाही फेर न होता ते एकटे जाऊन आले तर मी निमूट एस.टी.त बसायचं. एक जरी फेर झाला तर पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसभराचं बाकी सगळं काकूंनी पाहायचं कबूल केलं होतं, जेवण, गोळ्या, पाणी. फक्त संडासला कुणाचा हात धरून जाणार नाही, असं बाबांचं म्हणणं होतं. तेवढं जमलं तर मी सुटणार होते आणि तेही.

आठातला पहिला दिवस पंधरा फेब्रुवारीला सुरू झाला, आणि त्याच सकाळी पुदिना गोड लागला.

मी आधी साध्या उपायांनी सुरुवात केली. पानं एकेक करून पाण्याने धुतली. दुसऱ्या दिवशी मावा परत. साबणाचं पाणी मारलं, त्याने पुदिन्याची कोवळी टोकं करपली. डब्याभोवती मुंग्यांची रीघ लागली होती. मुंग्याच माव्याला राखतात असं काकूंनी सांगितलं, म्हणून चुलीतली राख आणि हळद मिसळून डब्यांभोवती रिंगण घातलं. मुंग्या एक दिवस थबकल्या आणि मग कठड्यावरून आल्या. तिसऱ्या दिवशी ओव्याच्या पेरांत कापसासारखा पांढरा पिठ्या दिसला. चौथ्या दिवशी तुळशीवरून हात फिरवला तर पांढऱ्या माशा भुर्रकन उठल्या. पुदिन्याच्या तर काड्याच उरायला लागल्या होत्या. बाबा चिमटीने चाचपायचे, पान सापडायला वेळ लागायचा, सापडलं की आधी झटकून मग नाकाशी न्यायचे.

“हा दगड कोणीतरी उकरून राहिलं पमे,” ते म्हणाले.

समोरच्या किराणावाल्याने डीडीटीची पूड सांगितली. बाबा ती पानं नाकाशी आणि कधी जिभेशी नेत, तेव्हा ते शक्य नव्हतं. शेवटी पाचव्या दिवशी गुंफाकाकू वर आल्या, चारही डबे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“काहून सांगितलं नाही वं मले? वालाच्या वेलाले मी दरसाल मारतो. लसून घे एक गड्डा, तिखट मिरच्या घे, हिंग घे. वाटून आंबट ताकात रातभर ठेव. गाळून पिचकारीनं मार. अन् चारही डब्याइले मार, एक सोडला त कीड तिकडं जाते.”

बाबा खाटेवरून म्हणाले की त्यात दोन दाणे मोहरी टाका म्हणजे फोडणीच झाली. काकू म्हणाल्या, तुम्ही चूप बसा भाऊजी.

मी ते केलं. एक नाही, दोन गड्डे लसूण घेतला, कारण मला खात्री करायची होती. पाट्यावर मिरचीबरोबर वाटताना डोळ्यांतून धारा लागल्या. हिंग खडा होता, तो फोडून टाकला. काकूंच्या घरातली होळीची पितळी पिचकारी आणली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहाव्या दिवशी, बाबा संध्याकाळचे जाऊन आल्यावर उन्हं उतरताना चारही डबे न्हाऊ घातले. पानांच्या वरून, खालून, देठांत, पेरांत. एक थेंब वाया घालवला नाही. आयुष्यात कुठलं काम मी इतकं मन लावून केलं असेल असं मला वाटत नाही.

मावा पटापट गळला. माझ्या डोळ्यांदेखत पिठ्या तपकिरी पडला. मला इतका आनंद झाला की मी ओव्याचं एक पान तोडून नाकाशी नेलं, बाबा करायचे तसं.

लसूण.

मी ते टाकलं आणि पुदिन्याचं घेतलं. त्यालाही लसूण आणि मागून हिंग. गवती चहा, लसूण. तुळस, लसूण. वाटलं, माझे हातच बरबटलेत, म्हणून खोलीत जाऊन ते राखेने घासले, लिंबू चोळलं, बेसन लावलं. हातांचा वास गेला नाहीच. परत येऊन पानं चिमट्यात धरून नाकाशी नेली. चारही डबे एकसारखे. पानं धुवावीत तर काकूंनी तीन दिवस पाणी लावू नको म्हणून बजावलं होतं, नाही तर सगळं मुसळ केरात. सकाळपर्यंत उडून जाईल, मी स्वतःला सांगितलं. रात्रभर वारा लागेल.

दुसरा दिवस सातवा. सकाळी बाबांनी खाटेवरूनच विचारलं, खोलीतसुद्धा फोडणी दरवळून राहिली, बाहेर वास गेला ना गं उडून?

“गेला,” मी म्हणाले.

त्यानंतरचं मी लोकांना जसं सांगत आले तसं आधी सांगते. मी आत चहाचं आधण ठेवलं होतं. बाबा टमरेल घेऊन निघाले. मला त्यांचे आवाज ऐकू आले, तुळस, गवती चहा. मग स्टोव्हच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. मग टमरेल पायऱ्यांवरून गडगडत गेल्याचा आवाज आला. मी धावले.

ते जिन्याच्या तळाशी एका कुशीवर पडले होते. काकू पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या, शेजारचे दोघं आले. काकू माझ्यावर ओरडल्या की लक्ष कुठं होतं तुहं? आणि मी म्हणाले, “मी आत होते. चहा टाकत होते.”

बाबांचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. जरा वेळ तशीच धरली.

“हो,” ते म्हणाले. “पोरगी आत होती. माहेच पाय चुकले.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. साखर इतकी वाढलेली की कापायची सोय नाही, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. पायाला वजन बांधून दीड महिना ठेवलं आणि मग खाटेवर घरी पाठवलं. पंचवीस तारीख इस्पितळातच येऊन गेली. त्या दिवशी मी बाबांचं अंग पुसत होते आणि दोघांपैकी कुणीही तारखेचं नाव काढलं नाही. काकूंच्या मुलाने आठ दिवसांच्या आत जिन्याला लोखंडी फाटक लावून घेतलं. चांगलं भक्कम होतं. त्याच्या कड्या अजून माझ्या कानात वाजतात.

बाबा त्यानंतर पावणेतीन वर्षं खाटेवर होते. कधी उठले नाहीत. मी दुपारच्या शिकवण्या घेतल्या, मग गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत लागले. भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखमा झाल्या की त्या धुणं, सगळं माझ्याकडे. ज्या एका गोष्टीसाठी त्यांना कुणाचा हात नको होता, त्याच गोष्टीसाठी ते दिवसातून चारदा माझ्या हातात असायचे. ते कधी कुरकुरले नाहीत. थट्टा मात्र थांबली.

डबे जोरात वाढले. इतकी बाग त्या गच्चीने कधी पाहिली नसेल. पुदिना डब्याच्या बाहेर सांडला, ओव्याची पानं तळहाताएवढी झाली, तुळशीला मंजिऱ्या लागल्या. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, माह्या औषधाचा गुण पाहा. वासही आठवड्याभरात परत आले होते. ओवा ओव्यासारखा, पुदिना पुदिन्यासारखा. मी ते पाहून आले होते.

आता खरं सांगते.

मी आत नव्हते. आधण नव्हतं, स्टोव्ह पेटलेलाच नव्हता. मी दारात उभी होते. बाबा माझ्या अंगावरूनच बाहेर पडले. पहिल्या डब्यापाशी वाकून त्यांनी पान चुरडलं, नाकाशी नेलं, आणि तसेच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तुळस.” दाराशी पहिला डबा तुळशीचाच, ते सांगायला नाक लागत नव्हतं. मला कळलं की त्यांना कळलं. तिथेच मी फेर म्हणायला हवं होतं. पण त्यांनी नाव तर बरोबर घेतलं होतं. मी गप्प राहिले.

दुसऱ्या डब्यापाशी, “गवती चहा.” तेही बरोबर. मी मनात म्हटलं, मोजून चालले आहेत, जमतंय, जमेल. उद्याचा एक दिवस गेला की आठ. माझी पेटी भरून झाली होती, खाटेखाली होती. फेर म्हटलं असतं तर पुन्हा एकपासून, आणि तारीख हातची गेली असती.

मग ते पुदिन्यावरून पुढे गेले. हात पुढे केला होता त्यांनी, पण एक पाऊल लांब पडलं आणि तो काड्याकाड्यांचा डबा त्यांच्या हाताला लागलाच नाही. ते तसेच चालत राहिले आणि ओव्यापाशी थांबले. वाकले. पान चुरडलं, नाकाशी नेलं.

“पुदिना,” ते म्हणाले.

आणि थांबले. मोजणीत थांबतात तेवढंच. नकाशावाला काही म्हणतो का ते ऐकायला.

दारापासून ते तीस पावलांवर होते. मला एक शब्द बोलायचा होता, दोन अक्षरांचा. माझं तोंड उघडलं होतं, हेही मला आठवतं. मी काय विचार केला ते मात्र आठवत नाही, किंवा आठवतं आणि मी ते अजून मान्य करत नाही. मला ती नोकरी हवी होती. मला तिथून जायचं होतं. ते स्वतःच वळतील असं मला वाटलं, किंवा वाटून घेतलं. त्यांनी वाट पाहिली, काही ऐकू आलं नाही, आणि त्यांनी सरळ पाऊल टाकलं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. काकूंना नाही, पुढे लग्न झालं त्या माणसाला नाही.

बाबा गेले त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. खाली काकू तिखट कांडत होत्या आणि त्याचा ठसका वरपर्यंत येत होता. मी जवसाच्या चटणीसाठी लसूण सोलत बसले होते. बाबांना पाणी हवं असेल म्हणून उठले आणि खोलीच्या दारात जरा थांबले, झोपले आहेत का ते बघायला.

“पमे,” ते म्हणाले.

“झोपला नाहीत होय?”

“लसून सोलून आली.”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“दारातच कळते. लसनाच्या हाताचं मानूस दारात उभं असलं का मले कळते.”

मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. दोन घोट घेतले त्यांनी, पेला सरकवला. चेहरा अगदी सुकला होता, पण आवाज कचेरीतला होता, मी लहान असताना त्यांच्या डब्याची पिशवी घेऊन जायचे तेव्हा ऐकू यायचा तसा.

“एक मोजनी राहिली आपली,” ते म्हणाले. “सातव्या दिवसाची. पुरी करून टाकू. मी पुकारतो. तू नकाशावाली. चुकलं त फेर म्हन.”

मी खाटेच्या कडेला बसले. पेला माझ्या हातात होता.

“सकाळी वास उडून गेला होता,” ते म्हणाले. आणि थांबले.

खाली मुसळाचे ठोके पडत होते. मी ते मोजले. चार झाले.

“तू आत होती. चहा टाकून राहिली होती.”

ते पुन्हा थांबले. त्यांच्या पापण्या मिटलेल्या होत्या, पण मान माझ्याकडे जराशी कललेली होती. त्या दिवशी जिन्याच्या तळाशी होती तशीच. मी ओठ ओले केले. आता म्हणते, आता म्हणते असं मी स्वतःला सांगत होते.

“मी पुदिना म्हटलं,” ते सावकाश म्हणाले, “ते तुले ऐकू आलं नाही.”

या वेळी ते जास्त थांबले. खाली कांडणंही थांबलं होतं. त्यांनी माझा हात चाचपला, सापडला, आणि तो नाकापाशी नेऊन धरला. मुलगा-मुलगी शाळेतून आलं की बाप हात हुंगून विचारतो ना, काय खाल्लं, तसा. त्यांना रागवायचं नव्हतं. त्यांना फक्त तो शब्द हवा होता, मी दिला असता तर ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. म्हणाले असते, बरं, पुन्हा मोजू.

मी गप्प राहिले.

“बरं,” बाबा म्हणाले. माझा हात त्यांनी खाटेवर ठेवला. “जुळलं.”

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.